नमद्याची चकती

होडी पेटली तेव्हा केशा आणि म्हातारा गाव्रील वरच्या झोपडीत चहा पीत बसले होते.

धूर आधी केशाला दिसला. दोघं उतारावरून धावत गेले, पण उशीर झाला होता. मागच्या हंगामातली गवताची गंजी आतून पेटली होती आणि वाऱ्याच्या आडोशाला म्हणून तिला टेकवलेली गाव्रीलची होडी डांबरासकट तडतडत जळत होती. त्यांनी ओंजळी भरभरून बर्फ मारला. शेवटी उरला तो काळा सांगाडा.

वरच्या अंगाला लेना नदीवरचा बर्फ फुटला होता. बर्फाच्या लाद्या खालच्या वळणावर अडकून बांध तयार झाला होता आणि ते होते त्या बेटाभोवतीचं पाणी सकाळपासून चढत होतं. पलीकडे जायला ती एकच होडी होती.

रानहंसांच्या शिकारीला आलेली माणसं पाच. गाव्रील, त्याच्या गावच्या शाळेतले प्लातोन मास्तर, ट्रक चालवणारा आर्दाल्योन, केशा आणि केशाची मेव्हणी वार्वारा. वार्वारा याकुत्स्कला बरीच वर्षं सरकारी तपास अधिकारी होती. आता नोकरी सोडून खासगी तपासाची कामं घेई.

सगळ्यात शेवटी आला आर्दाल्योन, झुडपांतून एकटाच, तोंडात सिगारेट. पाचांत ओढणारा तोच. गाव्रीलनं त्याची गचांडीच धरली. आदल्याच दिवशी दोघांचं वाजलं होतं. आर्दाल्योनला गाव्रीलच्या मुलीशी, तुयाराशी, लग्न करून तिला दूर खाणींच्या गावात न्यायचं होतं. म्हाताऱ्याला ते मान्य नव्हतं. “होडी तुमची म्हणून नदी तुमची झाली काय?” असं आर्दाल्योन सगळ्यांसमोर बोलून गेला होता.

हाणामारीपर्यंत आलं, तेव्हा मास्तरांनी एक दंड धरला, केशानं दुसरा, आणि आर्दाल्योनला खालच्या लाकडी कोठारात कोंडलं. वार्वारा नको म्हणत होती. डोकी थंड होईपर्यंतच, असं म्हणत बाहेरून अडसर घातला तो केशानं.

ती कोठारापाशी गेली तेव्हा फळ्यांच्या फटीतून आर्दाल्योनचा आवाज आला. “वार्वाराताई, तुम्ही लोकांची कामं घेता ना? मग माझं घ्या. मी गंजीकडे फिरकलोसुद्धा नाही.”

“घेतलं,” ती म्हणाली.

केशाला ते पटलं नाही. आग लागली तेव्हा म्हातारा त्याच्याजवळ होता आणि वार्वारा मास्तरांबरोबर नदीकाठी पाण्याची खूण बघत होती. उरला कोण?

वार्वारा गंजीभोवती फिरत राहिली. पहाटे भुरभुर बर्फ पडला होता. गंजीच्या अलीकडे त्या ताज्या बर्फावर तिला एक जाड, गोल चकती सापडली, जुन्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, बुटातून कापलेली, एका बाजूनं करपलेली. काडतुसात बंदुकीची दारू आणि छर्रे यांच्या मध्ये दाबून बसवतात, तसली. गाव्रीलचा काळा कुत्रा हारा तिच्याआधीच तिथे पोहोचला होता. त्यानं चकती हुंगली आणि पुढे निघून गेला. वार्वारानं ती कोऱ्या कागदात दाबून धरली. उघडून पाहिलं तर कागद कोराच, तेलकट डागसुद्धा नाही.

मग ती एकेकाशी बोलली. मास्तर म्हणाले, ते सकाळभर पश्चिमेच्या बाजूला होते. आर्दाल्योन फटीतून म्हणाला, तो झुडपांत होता, चार बार काढले, चारही वाया गेले. गाव्रील म्हणाला, तो बेटाच्या वरच्या टोकाला होता, खाली आलाच नाही आणि त्याची काडतुसं संपली.

“भाओजी, बंदुका या तिघांकडेच आहेत. सकाळी हे काडतुसं भरत होते तेव्हा तुम्ही झोपडीत होता ना? जे दिसलं ते सांगा. तुमचं मत नको.”

केशानं सांगितलं. त्या वर्षी दुकानात तयार काडतुसं मिळत नव्हती, म्हणून सगळे काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांत काळी दारू भरत. गाव्रील मास्तरांना शिकवत होता. दारूवर आधी पुठ्ठा, त्यावर नमद्याच्या दोन चकत्या. पितळेचा पत्रा पातळ, म्हणून चकती एक माप मोठी कापायची, नाहीतर धूर बाजूनं निसटतो आणि छर्रे विखरतात. आणि चकती चरबीत बुडवलेलीच हवी, म्हणजे बंदुकीच्या नळीतली काजळी मऊ राहते. मास्तरांकडे नमदा नव्हता. त्यांनी वर्तमानपत्राच्या घड्या कापून चरबीत भिजवल्या, त्यावरून म्हाताऱ्यानं त्यांची भरपूर थट्टा केली. आर्दाल्योननं नमदा घोड्याच्या चरबीत बुडवला. त्यातली एक चकती हारानं मटकावली.

“मग?”

“मग काय, गाव्रीलबाबांनी झडप घातली. जबड्यात बोटं घालून काढली बाहेर. केवढे घाबरले गं. मी म्हटलं, चकतीच तर आहे. तर म्हणाले, नमदा पोटात फुगतो.”

“आणि परत आल्यावर?”

“बाबा आधी आले. चहाचं आधण सगळं बंदुकीत ओतलं, तारेच्या ब्रशनं कितीतरी वेळ घासत बसले. मला दुसरं पाणी ठेवावं लागलं. तो चहा प्यायला बसलो, तर धूर.”

तिनं मास्तरांची बंदूक मागून घेतली, मग आर्दाल्योनची. ओल्या फडक्याचे दोन हात फिरवले तशी दोन्ही नळ्यांतली काजळी निघून आली.

संध्याकाळी पाणी कोठाराच्या खालच्या झुडपांपर्यंत आलं. वार्वारानं गाव्रील, मास्तर आणि केशा, तिघांना झोपडीत बसवलं. तिनं आर्दाल्योनचं एक उरलेलं काडतूस फोडलं आणि त्यातली चकती जमिनीवर टाकली. हारा उडी मारून आला. गाव्रीलनं त्याची मान आवळून धरली.

मग तिनं कागदातली चकती टाकली. हारानं ढुंकूनही पाहिलं नाही.

“ही गंजीजवळ मिळाली,” ती म्हणाली. “मास्तर कागद वापरतात, म्हणजे त्यांची नाही. आर्दाल्योनच्या चकत्यांना चरबी आहे, त्या हारा सोडत नाही. ही कोरडी आहे. कोरड्या चकतीवर काळी दारू उडवली की नळीत काजळीचं कडक कवच बसतं. ते फडक्यानं निघत नाही, आधणाचं पाणी आणि तारेचा ब्रश लागतो.”

केशानं हळूच गाव्रीलकडे पाहिलं. म्हातारा कुत्र्याच्या मानेवरची पकड सोडत नव्हता.

“पण आग लागली तेव्हा बाबा माझ्यासमोर होते,” केशा म्हणाला.

“होतेच. आग लागली तेव्हा कोण कुठे होतं, हेच आपण विचारत बसलो. विचारायचं होतं, बार कधी झाला. प्रत्येक काडतुसात चकत्या दोन. एक बर्फावर पडली, दुसरी गवतात. चरबीशिवायचा नमदा ठिणगी धरून राहतो. तो आत धुमसत होता, तोवर बाबा वर आले, बंदूक धुतली, चहाला बसले. हे जाणूनबुजून नाही झालं. हंस गंजीवरून गेला असेल.”

वार्वाराचा आवाज खाली आला. “हारानं पूर्वी कधी चकती खाल्ली होती का, बाबा?”

“मागच्या वसंतात,” गाव्रील म्हणाला. “आठ दिवस तडफडत होता. त्यानंतर चरबी लावायची सोडली. लोकांना मात्र लावा म्हणूनच सांगत होतो.” मग तो म्हणाला, “गंजी पेटलेली पाहिली तेव्हाच कळलं मला. पण तो सिगारेट ओढत आला, आणि…”

तेवढ्यात नदीकडून मोठा आवाज झाला. खालच्या वळणावर लाद्यांवर लाद्या चढल्या असाव्यात. केशा दाराशी धावला. झुडपं दिसेनाशी झाली होती. कोठाराच्या भोवती पाणी फिरत होतं आणि आतून आर्दाल्योन फळ्यांवर लाथा मारत होता.

गाव्रील केशाला ढकलून पुढे गेला. उतार संपला तिथे तो मांड्यांपर्यंत पाण्यात शिरला. एक लादी येऊन दाराला टेकली होती. त्यानं ती खांद्यानं रेटली, मागून केशानं हात लावला. आपणच घातलेला अडसर फुगून बसला होता. केशानं तो कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं हाणला, तेव्हा कुठे निघाला. दार उघडलं. आर्दाल्योन एका पिंपावर उभा होता, कमरेखाली भिजलेला, ओठ निळे पडलेले. पाण्यात म्हाताऱ्याचाच पाय घसरला तेव्हा आर्दाल्योननं त्याला काखेत हात घालून वर ओढून आणलं.

पाचही जण आणि कुत्रा झोपडीच्या छपरावर चढले. तिथून चहूकडे फक्त बर्फ आणि पाणी. दक्षिणेकडे हेलिकॉप्टरचा आवाज आल्यासारखा वाटला, मग थांबला.

गाव्रीलनं सगळं आर्दाल्योनला स्वतः सांगितलं. अडखळत, पण काही न लपवता. शेवटी म्हणाला, “पाणी उतरल्यावर सांगणारच होतो मी.”

“आणि पाणी उतरलं नसतं तर?” आर्दाल्योननं विचारलं.

म्हाताऱ्याचे दात वाजत होते. वार्वारानं दिलेलं कोरडं कातडं आर्दाल्योनच्या खांद्यावर होतं. त्यानं त्याचं एक टोक उचललं, म्हाताऱ्याला आत घेतलं आणि पुन्हा नदीकडे तोंड करून बसला. हेलिकॉप्टर येईपर्यंत तो त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.