ओल्या बोटाचा आवाज

ही गोष्ट खरी आहे. पंचवीस माणसांदेखत घडली. ज्याला पटत नसेल त्याने आताच उठावं, मी कुणाच्या विनवण्या करायला बसलेली नाही.

रात्र नव्हती. काळोख नव्हता. रविवार होता, दुपारचे चार वाजले होते, आणि माझ्या थोरल्याच्या हॉलमध्ये भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या.

ह्यांना जाऊन महिना झाला होता. थोरल्याने आठवणींची सभा ठेवली. बापाचं आयुष्य दोन कागदांवर छापून आणलं आणि आदल्या दिवशी मला वाचून दाखवलं. आपला मुलूख सोडून आले, कष्ट केले, इथवर ठीक. पुढे लिहिलं होतं, मोठ्या हॉटेलात मॅनेजर झाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मॅनेजर कसले? त्या हॉटेलाच्या तळघरात अडतीस वर्षं चादरी इस्त्री केल्या त्यांनी. तिथे खिडकीसुद्धा नव्हती. डाव्या हातावर इस्त्रीच्या टोकाचा डाग, मरेपर्यंत गेला नाही.

आणि एक सवय. इस्त्री तापली का बघायला बोट ओलं करून तळाला टेकवायचे.

चर्र...

मग स्वतःशीच म्हणायचे, "हं." त्या "हं"नंतरच पहिलं कापड. घरीसुद्धा तसंच. नातीला तो खेळ वाटायचा.

मी थोरल्याला म्हटलं, "खोड ते."

"आई, माझ्या सासरची माणसं येणार, ऑफिसातली येणार. त्यांना काय सांगू, चादरी इस्त्री करायचे?"

"त्याच चादरींवर तू शिकलास, साहेबा."

हसला आणि कागद घडी करून खिशात ठेवले. बापाच्या घामाची लाज, पण अंगात शर्ट मात्र कडक इस्त्रीचा.

दुसऱ्या दिवशी वाचायला उभा राहिला. 

"बाबा या मुलुखात आले, तेव्हा..."

चर्र...

हळूच. स्वयंपाकघराकडून.

सुनेने जाऊन पाहिलं. गॅस बंद. इस्त्री कपाटात, वायर गुंडाळलेली. थंडगार.

त्याने पुन्हा सुरुवात केली. आता वास आला. ओलं सुती कापड तापल्यावर येतो ना, तो. ह्यांच्या अंगाला यायचा तो. थोरला मला नंतर म्हणाला, वाटलं मागे कुणीतरी उभं आहे.

मागे भिंत होती.

"मोठ्या हॉटेलात..."

चर्र...

या वेळी त्याच्या कानापाशी.

तिथेच थांबायचं होतं. पण नाक वर. त्याने तो "मॅनेजर" शब्द उच्चारलाच.

"हं."

मी ऐकलं. पंचवीस माणसांनी ऐकलं.

थोरल्याने हात झटकला. कागद खाली पडले. बाही वर केली, तर डाव्या हातावर... लालभडक, टोकदार डाग.

बाहीला काही नाही. शर्ट पांढराशुभ्र. एक सुरकुती नाही.

कुणी जागचं हललं नाही. सहा वर्षांची नात तेवढी बोट जिभेला लावून बापाच्या मागच्या भिंतीकडे बघत होती. हसत होती.

"खरं सांग," मी म्हटलं.

"माझे वडील इस्त्री करायचे." थोरला रडत होता. "तळघरात. अडतीस वर्षं."

वास गेला.

इथे संपलं असतं, तर मी हे सांगितलंच नसतं.

तो मॅनेजर शब्द थोरल्याचा नाही. माझा आहे. गावाकडची जाऊ नाक उडवायची, तिचा नवरा मास्तर ना. म्हणून मोडक्यातोडक्या अक्षरांत तिला लिहिलं, हे मॅनेजर झालेत. मग तेच लिहीत राहिले. थोरला लहानपणी तीच पत्रं वाचून टपालपेटीत टाकून यायचा. हे शेजारी बसून हाताला मलम चोळायचे. एकदाच म्हणाले, "तुला माझी लाज वाटते का गं?"

एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी. तेव्हा गप्प बसले.

थोरल्याचा डाग गेलेला नाही. जावेला खरं कळवायला घेतलंय, पण तीन ओळींपुढे हात जात नाही.

काल चार वाजता कागद पुढ्यात घेऊन बसले. घरात कुणी नव्हतं.

चर्र...

माझ्या डाव्या हाताशी.

"हं" अजून आलेलं नाही.