तिसरा ठोका

आमचं काम बघायला कुणी आलंच, तर थोड्याच वेळात जांभया देऊ लागतं. पावसाळी जंगलांतून पोती भरभरून साली, पानं, मुळं येतात. ती वाळवायची, दळायची, मद्यार्कात भिजवायची आणि गाळून निघालेल्या अर्काचा थेंब पेशींवर टाकून बघत बसायचं. माझ्याकडे हृदयाच्या पेशी असतात. प्लास्टिकच्या प्लेटमधल्या बारक्या खळग्यांत त्या वाढतात आणि कुणी न सांगता धडधडतात. बहुतेक अर्कांनी त्यांना काहीच होत नाही, काहींनी त्या मरतात. आमच्या प्रमुख बाई म्हणतात, कोळसा उगाळावा तितका काळाच, पण आपण उगाळायचा.

पोती पाठवायचा तो माझा दादा. झाडांवर चढायची त्याला भलती हौस. जन्मापासून त्याच्या हृदयाला एक खोड होती. दोन ठोके पडायचे, तिसरा चुकायचा. डॉक्टर म्हणाले, जपा. आईनं जपलं, त्यानं नाही जपलं. लहानपणी आम्ही एकाच पांघरुणात झोपायचो. त्याच्या पाठीला कान लावून मी त्या तिसऱ्या ठोक्याची वाट बघायचे आणि वाट बघता बघताच झोपून जायचे.

जंगलातल्या तळावर तापानं तो गेला. नदीला पूर होता, आम्हाला पोचता आलं नाही. त्याला तिथेच पुरलं. त्याचं शेवटचं पोतं मात्र आमच्यापर्यंत पोचलं.

त्यात एक राखाडी साल होती. एवढा प्रवास करूनही आतून ओली, हाताला कोमट. उन्हात राहिली असेल, म्हटलं.

विष घालून आधीच थांबवलेल्या पेशींवर मी तिचा अर्क टाकला आणि जेवायला गेले. परत आले तर पेशी धडधडत होत्या.

बाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"प्लेट बदलली नाहीस ना?"

"नाही."

"मग हे औषध आहे, पोरी."

त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं. खळग्यांमध्ये प्लास्टिकच्या भिंती असतात, त्यामुळे प्रत्येक खळग्याची चाल वेगळी हवी. इथे सगळे एका तालात होते. ज्या ओळीत मी नुसतं पाणी घातलं होतं, तीसुद्धा.

दोन ठोके. मग रिकामी जागा. दोन ठोके.

मी नवी प्लेट लावली, सगळं पहिल्यापासून केलं. तेच झालं.

आईला न सांगता राहवेना. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिला घेऊन आले. सूक्ष्मदर्शकाचं चित्र पडद्यावर लावलं. ती बराच वेळ बघत राहिली. गुडघ्यावर तिचं बोट हलत होतं.

"आई, या दुसऱ्याच कुणाच्या तरी पेशी आहेत," मी म्हणाले.

"कळतं गं मला ते." तिची नजर हलली नाही. "धाप लागलीय त्याला. जिना चढून आला की असाच व्हायचा. सोड आता त्याला."

मधली जागा खरंच लांबत चालली होती. पेशी दमतात, हे मला शास्त्रानं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी बाई उरलेला सगळा अर्क मागणार होत्या.

"तुझ्याच्यानं होत नसेल तर मी ओतते," आई म्हणाली.

मीच ओतलं. उरलेला अर्क मोरीत, आणि प्लेटवर जंतुनाशक. आम्ही दोघी पडद्याकडे बघत होतो. दोन ठोके पडले. आम्ही थांबलो. तिसरा कधीच येत नसे. या वेळी त्याच्यानंतरचा पहिलाही आला नाही.

आईनं पडद्यावरून हात फिरवला, कपाळावरून फिरवावा तसा.

बाईंना मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "कितीतरी जीव वाचले असते गं," एवढंच म्हणाल्या. नंतर त्यांनी माणसं पाठवली, पण तसलं झाड कुणालाच सापडलं नाही. त्यांचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. दादा पहिल्यांदा गेला तेव्हा मी जवळ नव्हते. दुसऱ्यांदा होते. यातलं कुठलं बरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आम्हा सगळ्यांची वार्षिक तपासणी होती. बाहेरून एक नर्स आली होती. बोलकी, हसरी.

"तुमचा ठोका चुकतो, माहीत आहे का?" तिनं विचारलं.

"माझ्या भावाचा चुकायचा."

"मग घराण्यातच असेल."

माझ्यानंतर बाई बसल्या. नर्सचं बोलणं थांबलं. तिनं रक्तदाबाचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला.

मग काचसामान धुणारे काका बसले. तिनं यंत्र बाजूला सारून त्यांची नाडी हातानं पाहिली.

"यंत्र बिघडलंय का?" काकांनी विचारलं.

तिनं त्यांचं मनगट सोडलं आणि स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

तिचे ओठ हलले. एक, दोन.

मग ते तसेच उघडे राहिले.