वरून गार

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी मी वैजयंतीकाकूंच्या घरी रेडिएटरमधली हवा काढायला गेलो. काम किरकोळ होतं. घर आता भाड्यानं द्यायचं होतं, आणि वरच्या बेडरूममधला, गरम पाण्यानं खोली उबवणारा रेडिएटर नीट तापत नाही असं एजंटनं काकूंच्या मुलीला, नीनाला, कळवलं होतं. नीना तिकडे लंडनजवळ क्रॉयडनला राहते. मी कार्डिफमध्येच, काकूंच्या घरापासून दहा मिनिटांवर.

"मिलिंद, तू प्लीज बघशील?" तिनं फोनवर विचारलं.

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. का नव्हतं, ते आधी सांगायला हवं. त्या शनिवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वी मी नागपूरहून नोकरीसाठी इथे आलो, तेव्हा काकूंनी ओळखदेख नसताना मला ती वरची खोली चार महिने राहायला दिली. रेडिएटर कशाशी खातात हेही मला ठाऊक नव्हतं. काकू आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या. शिकाऊ नर्सला समजवावं तसं त्यांनी मला समजावलं. "हात लावून बघायचं. वरून गार असेल तर आत हवा अडकलीय. खालून गार असेल तर गाळ साचलाय. आणि घरातले सगळेच गार पडले, तर बॉयलरचा काटा बघायचा. पाण्याचं प्रेशर उतरलं की तो पेटतच नाही." ऑफिसच्या पहिल्या दिवशी सकाळी माझे मोजे त्यांनी रेडिएटरवर ऊबवून ठेवले होते. पाय आत घालताना मला घरची आठवण येऊन रडू फुटलं होतं.

यंदा जानेवारीत, एका शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. काका जाऊन सहा वर्षं झाली होती, काकू एक्याऐंशीच्या.

"मिलिंद, घर गार पडलंय रे. काटा शून्यावर आलाय."

"बॉयलरखाली दोन छोटे नळ आहेत ना काकू, ते उघडा. पाणी भरलं की काटा वर येईल."

"माहीत आहे मला. पण गुडघा वाकत नाही आता. खाली बसले तर उठता यायचं नाही."

"बरं, उद्या दुपारी येतो मी. नक्की."

रविवारी दुपारी बाहेर बर्फमिश्रित पाऊस लागला होता. जेवण अंगावर आलं होतं, टीव्हीवर मॅच होती, शेजारी स्वराली, माझी बायको, स्वेटर विणत बसली होती. तीनच्या सुमारास फोन थरथरला. मी नाव पाहिलं. आणि फोन सोफ्याच्या हातावर उपडा ठेवला.

एवढंच. मी आजारी नव्हतो, अडकलेलो नव्हतो. कंटाळा आला होता.

मंगळवारी सकाळी शेजारची मेगन बाहेरगावाहून परतली. काकूंचे पडदे मिटलेलेच दिसले, म्हणून तिनं तिच्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं. काकू वरच्या खोलीत होत्या. अंगात कोट, जमिनीवर बसलेल्या, पाठ रेडिएटरला टेकलेली. मी पोचलो तोवर डॉक्टर सांगून गेले होते, हृदय बंद पडलं, वयच झालं होतं.

मेगन पुढच्या खोलीत फोन करत होती. मी स्वयंपाकघरात एकटा. माझ्या तोंडातून वाफ निघत होती. बॉयलरचा काटा शून्यावर. मी गुडघ्यांवर बसलो आणि ते दोन नळ उघडले. आत पाणी सळसळलं, काटा वर चढला, बॉयलर भप्पकन पेटला. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

दुपारी नीना आली तेव्हा घर उबदार होतं. तिनं दारातल्या रेडिएटरवर हात ठेवला आणि हुंदका दिला. "ॲटलीस्ट… ती थंडीत नव्हती, मिलिंद."

मी म्हणालो, "हो."

तर त्या घरात मी पुन्हा गेलो तो असा, खिशात रेडिएटरची चिमुकली चावी आणि एक फडकं घेऊन.

साडेतीन वाजले होते. आभाळ इतकं खाली आलेलं की दिवस सरल्यासारखाच वाटत होता. सामान हलवलं होतं. रिकाम्या घरात माझीच पावलं मला ऐकू येत होती. खालचे सगळे रेडिएटर छान तापले होते. वरच्या खोलीतला मात्र खालून कोमट आणि वरून बर्फ. म्हणजे हवा. मी व्हॉल्व्हखाली फडकं धरलं आणि चावी पाव वेढा फिरवली.

स्स्स्स…

एरवी अर्धा मिनिट हवा निघते, मग पाणी थुंकतं आणि काम संपतं. मी थांबलो. एक मिनिट झालं. तीन झाली. पाच झाली. हवा येतच होती. अडकलेल्या हवेला गंजलेल्या लोखंडाचा वास येतो, हिला येत नव्हता. हिला बामचा वास होता. काकू रात्री गुडघ्याला चोळायच्या, त्या बामचा.

खोलीत अंधारू लागलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की आवाज सलग नाही. तो थांबतो… पुन्हा सुरू होतो… पुन्हा थांबतो. आणि थांबला की माझ्या हातातलं फडकं अलगद व्हॉल्व्हला जाऊन चिकटतं. कुणी ते आत ओढून घेतल्यासारखं.

बाहेर… आत… बाहेर… आत…

मी चावी घट्ट बंद केली. आवाज थांबला नाही.

खाली बॉयलर टक्कन बंद झाला. पाइप गार होताना वाजतात, हे मला ठाऊक आहे. तसे ते वाजले. आधी स्वयंपाकघरात, मग जिन्यात, मग याच खोलीच्या लाकडी जमिनीखाली. पळून जावं असं वाटत होतं, पण माझा हात आपोआप रेडिएटरच्या वरच्या कडेकडे गेला. सगळं लोखंड गारठलेलं. फक्त दोन जागा सोडून. तळहाताएवढ्या दोन जागा, एकमेकींपासून वीतभर अंतरावर, अंगात ताप असावा तशा गरम.

मी त्यांवर माझे हात ठेवले. त्या जागा माझ्या हातांपेक्षा लहान होत्या. आणि आतून… आतून कुणीतरी हात टेकवून हळूच रेटत होतं.

"काकू…" मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "काकू, मी फोन बघितला होता. तुमचं नाव बघितलं होतं मी… आणि आलो नाही."

रेडिएटरमधला तो श्वास थांबला.

घरात इतकी शांतता पसरली की मला माझ्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. मग खाली, रिकाम्या स्वयंपाकघरात, बॉयलर आपला आपण पेटला. पाइपांतून पाणी धावत वर आलं आणि माझ्या हातांखालचा रेडिएटर एकसारखा, वरपासून खालपर्यंत, तापत गेला. ती ऊब मला सोसेना. मी चावी, फडकं तिथेच टाकून जिना उतरलो आणि गाडीत येऊन बसलो. तिथूनच नीनाला फोन लावला. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"नीना, मला एक सांगायचंय. त्या रविवारी मी…"

"आय नो," ती म्हणाली. "तू आला होतास. मी तुला कधी थँक यू पण नाही म्हटलं."

"नाही नीना. मी आलो नव्हतो. काकूंनी फोन केला, मी उचललाही नाही. मंगळवारी तू यायच्या आधी मी हीटिंग चालू केलं. तोवर घर बर्फासारखं होतं."

मागे तिची मुलं खेळत होती.

"असं का बोलतोस तू?" ती म्हणाली. आवाज चिरला होता. "मम्मीनं घर गार पडलंय सांगितलं म्हणून मी निघाली होती, मिलिंद. मुलांना कारमध्ये बसवलं होतं मी. मग मम्मीचा व्हॉइस नोट आला, तू आलायस म्हणून. मी परत आत गेली… तुझ्यामुळे मी परत आत गेली."

"मी नव्हतो तिथे."

"आहे माझ्याकडे अजून. ऐक तूच."

फोन ठेवून तिनं तो पाठवला. त्यानंतर आजतागायत तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय, आणि तिचं काही चुकलेलं नाही.

अठरा सेकंदांचा आहे तो. रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. काकूंचा आवाज बारीक झालेला, दात वाजत असलेले, पण आनंदी. "नीना, मिलिंद आलाय गं. जिना चढतोय बघ. तू एवढ्या पावसात निघू नकोस…" मग पावलं. मग अगदी जवळून एका पुरुषाचा आवाज.

घरी आल्यावर मी तो स्वरालीला ऐकवला. त्या रविवारी ती दिवसभर माझ्या शेजारी होती. तिनं तीनदा ऐकला, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा तुझाच आवाज आहे."

आहे. मीही तो इतक्यांदा ऐकलाय की मला शंका उरलेली नाही. तीच माझी खालची पट्टी, शब्दाआधी घसा साफ करण्याची तीच सवय. तो आवाज म्हणतो, "चल, ऊठ. आता तुला थंडी वाजायची नाही."

वीस वर्षांत काकूंना मी एकदाही 'तू' म्हटलेलं नाही.