लेसर बंद, तरी तापलं

संगणकाचं उत्तर अकराव्या मिनिटाला आलं आणि केंद्रातली गणितं चालवणाऱ्या हेमांगीचं डोकं उठलं. मागच्या आठवड्यापर्यंत याच गणिताला चाळीस तास लागत होते.

कर्करोग उपचारकेंद्रातलं यंत्र जेवणाच्या टेबलाएवढं. लेसरचा झोत पातळ पत्र्यावर पडला की तिथे प्लाझ्मा होतो, म्हणजे अणू फुटून सुट्या झालेल्या कणांचा तापलेला लोळ, आणि त्यातून प्रोटॉन सुटतात. थांबतात तिथल्या पेशी ते मारतात, म्हणून ते गाठीतच जाऊन थांबले पाहिजेत. कुठे थांबतील हे आधी संगणकात बघायचं. तिथे सगळे कण कोण मोजणार? म्हणून लाखो इलेक्ट्रॉनांच्या वतीने एकच प्रतिनिधी धावतो. प्रमुख डॉक्टर कारखानीसांनी वेळ वाचवायला, संगणक जागेचे तुकडे पाडतो त्या जाळीची घरं मोठी केली आणि घरामागे चारशे असलेले प्रतिनिधी आठवर आणले. त्यामुळे खडबडीत आलेला आलेख मग गुळगुळीत करून घेतला. इथे सगळेच तसं करतात. खडबडीत आलेख बैठकीत मांडायची लाज वाटते म्हणे.

"सर, तीनदा लिहून कळवलंय मी," हेमांगी म्हणाली. "प्रोटॉनांची ऊर्जा खोटी वाढलेली दिसतेय. ती खरी धरून त्यांचा वेग कमी करायला वाटेत जाड पट्टी लावली, तर ते गाठीच्या अलीकडे, डोळ्याच्या नसेतच थांबतील."

"अगं, आलेख बघ की, किती स्वच्छ आलाय. खाली पेशंट ताटकळलेत."

पेशंट म्हणजे दमयंती खोत, चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यामागे गाठ.

आता हेमांगीच्याने ऐकवेना. आणखी घसा कोरडा करण्यात अर्थ नव्हता. तिने गणितातला लेसर बंद केला आणि बाकी सगळं तसंच ठेवून ते पुन्हा चालवलं. लेसर नाही म्हणजे काही तापायला नको.

दोघं पडद्यासमोर बसून राहिले. तापमानाची रेघ सावकाश वर चढत गेली.

"ही उष्णता येतेय कुठून?" कारखानीसांनी विचारलं.

"आपल्या काटकसरीतून. घरं मोठी, कण थोडे. चुका साठत जातात आणि उष्णता म्हणून दिसतात. आपण वरून त्यांना इस्त्री करतो."

कारखानीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजचं रद्द कर. जुन्या पद्धतीने लाव."

हेमांगी खाली गेली. "दमयंतीताई, आज नाही करायचं. शनिवारी करू. आमचं गणित चुकलं होतं."

"बरं झालं वेळेत सापडलं," ताई म्हणाल्या. मग आपल्या एका डोळ्याने त्यांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलगी झोपली होती.

"हिला काल यंत्रावर नेलं होतं तुम्ही. हिचं गणित कुठलं होतं?"