पाचवी फ्लॉपी

इन्स्पेक्टरबाई दारातच थबकल्या. खून त्यांना नवे नव्हते, पण या माणसाला चेहरा म्हणून काही उरलंच नव्हतं. टेबलाखालचा लोखंडी स्टॅबिलायझर उचलून कुणीतरी तो त्याच्या तोंडावर पुन्हा पुन्हा घातला होता. भिंतीवर, पडद्यावर, टेबलावर रक्त उडालं होतं. कॉम्प्युटर मात्र चालूच होता. पुढची फ्लॉपी घाला, असं तो शांतपणे मागत होता.

मेलेला माणूस प्रोग्रामर. घरातच ऑफिस. प्रेत पाहिलं ते त्याच्या भागीदाराने. आदल्या दिवशी दोघांची हाणामारी झाली होती, त्याचा ओठ अजून सुजलेला होता आणि शर्ट रक्ताने माखला होता. हवालदाराने त्याला केव्हाच बेड्या ठोकल्या होत्या.

"उचलून बघितलं त्याला," भागीदार म्हणाला. "म्हणून लागलं."

बाईंनी त्याला बाहेर नेऊन पडद्यावरच्या ओळीचा अर्थ विचारला. त्याने सांगितलं ते असं: हा प्रोग्राम मेलेल्यानेच लिहिलेला. आज्ञा टाइप केली की तो फायली आवळून फ्लॉप्यांवर भरतो. एक भरली की पुढची मागतो. आज्ञेत 'हलव' म्हटलं की मूळ फायली आधीच पुसून टाकतो, आणि मध्येच बंद केला तर राहिलेला मालही गेलाच.

"आणि इथे?"

"हलवच म्हटलंय. पण फायली कसल्या ते मला ठाऊक नाही."

बायको स्वयंपाकघरात बसून होती. नुकतीच न्हालेली, केस ओले. मुक्याबहिऱ्या मुलांना शिकवायची. तिने काही ऐकलं नव्हतं, मोरीतला नळ वाहत होता म्हणे. भागीदाराने बेल दाबली तेव्हा ती न्हात होती; शेवटी तो आपल्याजवळच्या किल्लीने आत आला.

"त्यांच्या मशीनमधलं तुम्हाला काही कळतं?"

"छे. मला हातसुद्धा लावू देत नसत."

बाई पुन्हा टेबलापाशी आल्या. पहिल्या दोन फ्लॉप्या मोडून तुकडे केलेल्या, तुकड्यांवर रक्ताचे शिंतोडे. तिसरी आणि चौथी धड होत्या. बाईंनी रुमालाने तिसरी उचलली. वरून स्वच्छ. खाली टेबलावर रक्त सुकून गेलेलं.

बाईंनी बायकोला आणि भागीदाराला आत बोलावलं. मग मशीन बंद करायच्या बटणाकडे हात नेला. भागीदार नुसता बघत राहिला.

"थांबा!" बायकोने त्यांचं मनगट धरलं. "पाचवी राहिलीय अजून."

मग तिनेच सावकाश मनगट सोडलं.

"मोडलेल्यांवर रक्त उडालंय, म्हणजे त्या खुनाआधी भरल्या," बाई म्हणाल्या. "धड आहेत त्या सुकलेल्या रक्तावर ठेवल्यात. म्हणजे प्रेताशेजारी बसून कुणीतरी काम पुढे चालवलं. ज्याचा जीव त्या फायलींत अडकला होता, त्यानेच. मग बेल वाजली. तुम्ही मोरीत गेलात, रक्त धुवायला. काय होतं त्यात?"

"हात," ती म्हणाली. "मुलं हातांनी बोलतात ना, त्या खुणांची चित्रं. एकेक ठिपका देऊन काढलेली. हे झोपले की मी मशीनवर बसायचे. मी घर सोडून निघाले होते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, आज्ञा टाइप केली. एक भरली की माझ्यासमोर मोडायचे. हसत होते. दुसरी मोडली आणि..." तिने स्टॅबिलायझरकडे पाहिलंच नाही.

भागीदाराच्या बेड्या काढल्या गेल्या. तो मनगटं चोळत उभा राहिला, मग चाचरत म्हणाला, "वहिनी, पहिल्या दोन नसतील तर बाकीच्या उघडतच नाहीत."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि कोरी फ्लॉपी मशीनमध्ये सरकवली.

बाईंनी हवालदाराला हातानेच थांबवलं. ड्राइव्हची घरघर संपेपर्यंत कुणी तिला हात लावला नाही.