नाटकाचा गृहपाठ

"मला सगळं कळलंय! तू माझी आई नाहीस!"

केसरबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी शेगडीवर पडली. दारात मोनिका उभी होती, शाळेचा गणवेश अंगावर, डोळे लालबुंद, ओठ थरथरणारे... आणि ज्या दिवसाच्या भीतीनं केसरबाईनं आजवरचं सारं आयुष्य जीव मुठीत धरून काढलं होतं, त्या दिवसानं तिला असं, मेसच्या भाकऱ्या थापताना, हात पिठानं भरलेले असताना गाठावं!

"कोण भेटलं तुला? गावाकडनं, बिडकीनचं कोणी आलं व्हतं का?"

मोनिकाचे ओठ थरथरायचे थांबले. "काय?"

पण बांध फुटला होता! "व्हय, नाय मी तुझी आई! माझ्या धाकल्या बहिणीची, साळूची हाईस तू. बाळंतपणात गेली ती. तुझ्या बापानं तोंड फिरवलं. माझं लगीन ठरलं व्हतं गं... नवरदेवाकडचे म्हणले, पोर तिकडंच ठिवून ये, तर नांदवतो. मी नाय गेले. तुला घिऊन इथं मुकुंदवाडीत आले, तर बिनलग्नाच्या बाईला लेकरासंगं खोली कोण देतंय? मंग मीच सांगितलं, मालक वारले म्हणून. माझ्या हातानं मी माझं कुंकू पुसलं, मोने!"

मोनिकाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई... अगं, तो नाटकाचा गृहपाठ होता!"

शाळेनं नववीला नाटक हा विषय ठेवला, तेव्हाच गल्लीनं नाकं मुरडली होती. पण मोनिकानं हट्ट धरला आणि केसरबाईनं तो पुरवला. आता त्या विश्वजीत सरांनी काय सांगावं, तर घरातल्या माणसाला आधी न सांगता धक्क्याचा एक संवाद म्हणायचा, त्याचा चेहरा कसा बदलतो ते बघायचं आणि वर्गात तसंच करून दाखवायचं. काय ही अवदसा आठवली मास्तरांना! पोरीनं बिचारीनं रात्रभर घोकून वाक्य पाठ केलं, आणि ते नेमकं त्या माउलीच्या वर्मी बसलं.

मोनिकानं दप्तर उचललं आणि निघून गेली.

केसरबाई भिंतीला टेकून बसली. लग्न न होताच तिनं वैधव्य भोगलं होतं! घरमालकिणीच्या हळदीकुंकवाला बायकांची रांग लागायची, तेव्हा ही आत भांडी घासत बसायची, आणि कुणी "बिचारी" म्हटलं की खोटं दुःख खरं करून दाखवायची. ते सारं ज्या एका हाकेसाठी केलं, ती 'आई' ही हाकच आजपासून बंद झाली तर? पोर घरी आलीच नाही तर? तिनं गॅस बंद केला, मेसवाल्याचा फोन वाजत ठेवला आणि पिठाच्या हातांनी शाळेकडे धावत सुटली.

वर्गाच्या खिडकीशी ती पोहोचली, तेव्हा मोनिका फळ्यापुढे उभी होती.

"बोल. आईला काय वाटलं?" सर विचारत होते.

"काही नाही, सर. हसली."

"नुसती हसली?"

"हो. म्हणाली, चल वेडाबाई, डबा घे."

सरांनी मान हलवली. "मग तू मनापासून बोललीच नसशील. वर्गात सगळ्यात चांगलं काम करणारी तू, आणि तुलाच सगळ्यात कमी मार्क द्यायचे का मी?"

"चालेल, सर."

चालेल! अर्ध्या मार्कासाठी उशी भिजवणारी ही पोर! लेकीनं तिचं झाकलं होतं... एवढ्यावर ती गुपचूप मागं फिरली असती, तर कुणाला काही कळलंही नसतं. पण आईचं काळीज ते! शहाणपण त्याला कुठून सुचायचं?

"चालंल कसं?" ती दारात येऊन उभी राहिली. "साहेब, पोर खोटं बोलती. लई झ्याक केलं तिनं. मी नाय हसले, मी मुळापासून हादरले... कारण ते खरंच हाय. मी तिची मावशी. अन् इधवा बी नाय मी. माझं लगीनच झालं नाय."

पुढच्याच बाकावर घरमालकिणीची सोनिया आ वासून बघत होती. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार होतं, हे केसरबाईला दिसत होतं. दिसूनही ती थांबली नाही.

"आई!" मोनिका धावत आली आणि तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडू लागली. "कशाला बोललीस गं! मी झाकलं होतं ना सगळं! आता लोक काय म्हणतील तुला?"

"म्हणू दे. तू आई म्हणलीस ना आत्ता?"

"मग दुसरं काय म्हणू?"

मोनिकाच्या पाठीवर पिठाचे पंजे उमटले होते. सरांच्या हातातलं पेन तसंच अधांतरी राहिलं होतं. केसरबाईनं लेकीच्या डोक्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, पदरानं नाक पुसलं, आणि मंडईत भाव करावा तसं खडसावून विचारलं,

"साहेब, आता किती मार्क देता?"