चुनाभट्टीच्या चौथऱ्यावरची दुपार

केविन, माझा धाकटा, चार माणसं हाताखाली आली आन् माणूस ओळखायचा विसरला. माझ्याच पोटचा, म्हणून मीच सांगते.

आमच्या चर्चात भुताखेताला कुणी मानत न्हाई. मीबी न्हाई.

तरी हे खरं हाय. डोळ्यांनी बघितलंय.

गेल्या मे महिन्यातला शनिवार. केडगावच्या अलीकडं, बंद पडलेली चुनाभट्टी. दुपारचे तीन.

तिथं सोळा बायांचं स्मारक हाय. भट्टीचा मुकादम त्यांना लेकरं पाजायला सोडत न्हवता. एक लेकरू झोळीतच गेलं. तवा सोळाजणींनी डोक्यावरच्या पाट्या पालथ्या घातल्या आन् त्यावर बसल्या. मार खाल्ला. उठल्या न्हाईत.

माझी आजेसासू त्यात व्हती.

सोमवारी स्मारकाला हार घालायला पाहुणे येणार व्हते, म्हणून त्याच्या चौथऱ्याला सिमेंटचा कोबा करायचं काम केविननं घेतलेलं. मी त्याचा डबा घिऊन गेले.

त्याच्या हाताखालची अनिता घमेल्यानं कालवलेला माल वाहत व्हती. तिची चार महिन्यांची पोर लिंबाला बांधलेल्या झोळीत रडून रडून निळी पडायला आलेली. अनितानं दोनदा विचारलं. केविननं मोबाइलमधनं मान वर न काढता सांगितलं, कोबा अर्धा टाकून हलायचं न्हाई.

मी तोंड उघडणार...

तेवढ्यात रडणं थांबलं.

एकदम.

माल कालवायचा मिक्सरबी थांबला. त्याला कुणी हात लावला न्हवता. पाखरूसुद्धा बोलंना...

अनिता घमेलं टाकून पळाली. मी मागं. मनात एकच, पोर गेली.

वारा न्हवता. झोळी हलत व्हती...

पोर जागी. शांत. ओठावर दूध, हनुवटीवरनं ओघळलेलं. ताजं.

गालावर बोटं उमटलेली. पांढरी. चुन्याची.

आमच्या मालात नुसतं सिमेंट. आन् बाईमाणूस म्हंजी अनिता आन् साठी ओलांडलेली मी.

मागं वळले...

सगळी घमेली चौथऱ्यावर पालथी. एका रांगेत. कोबा ओला, आन् त्यावर पाऊल एकबी न्हाई.

गडी फावडी धरून जागच्या जागी उभे.

वर्ष झालं. अजून कुठं झोळी दिसली की मी आधी लेकराच्या ओठांकडं बघते.

केविन म्हणतो, आईला ऊन लागलं व्हतं. काल जेवताना परत म्हणाला, वर हसला. मी ताट सारलं.

"केविन, तुझी पणजी मार खात बसली, ती तुझ्यासारख्याच्याच समोर."